हातचे दोन

दर माणशी, दर महिना, बेचाळीस पौंड.
रीडिंगचा तो मुलगा स्क्रीनवरून सांगतो
इतक्या हळू, जणू इंजेक्शन देतोय.
'तुमच्याकडे युजर किती?'
युजर नाहीत हो, माणसं आहेत,
असं मी म्हणत नाही.
अकरा, म्हणते.

विलनहॉलमध्ये घरोघर कुलपं बनायची, तेव्हाची ही शेड.
आता आम्ही बिजागऱ्या करतो, बालवाड्यांच्या दारांच्या,
पोरांची बोटं चिमटू नयेत अशा.
हिशेब मात्र सतरा एक्सेल फायलींत,
त्यातल्या तिघींचं नाव 'फायनल',
एकीचं 'फायनल खरंच'.

मालक ग्रॅहॅम टाँक्स एवढंच म्हणाला होता:
पंधरा हजार. त्याच्या वर मला झोप नाही.

सहा वाजून गेलेत. हीटर बंद.
कोट घालून मांडत बसले आहे:
वर्षाची वर्गणी पाच हजार पाचशे चव्वेचाळीस,
उभारणी सहा हजार आठशे,
डेटा हलवणं तीन हजार नऊशे,
शिकवण्याचे दोन दिवस, सोळाशे.
बेरजेला यंत्र आहे, तरी ओठ हलतातच:
पाच नि आठ तेरा, नि नऊ बावीस, नि सहा अठ्ठावीस,
अठ्ठाविसाचे आठ, हातचे दोन.
इचलकरंजीला खोतबाई सांगायच्या,
हातचा डोक्यात ठेवू नका, डोकं फसवतं.
बोट मुडपा.

सतरा हजार आठशे चव्वेचाळीस.

मग कापाकापी.
हरजिंदर आणि प्रेसवरचे तिघे, त्यांना लॉगिन कशाला?
चौघं गेले. म्हणजे, यादीतून.
शिकवण्याचा एक दिवस गेला.
उरले पंधरा हजार अठ्ठावीस.
अठ्ठावीस पौंडांसाठी माणसाची झोप जात नसावी.

इथेच थांबायला हवं होतं.

पण टेबलावर ग्लेनिसची लाल वही होती.
चौतीस वर्षं स्टोअर तिच्याकडे, मार्चमध्ये ती थांबणार.
(मला ती 'बॅब' म्हणते. सगळ्यांनाच म्हणते.)
वहीत आकड्यांच्या बाजूला, पेन्सिलीनं:
'डडलीचा रेग ईमेल उघडत नाही. फोन. दहाच्या आत.'
'पाच नंबर म्हणजे कॅटलॉगमधला सात. विचारू नका.'
'मिसेस बायवॉटर, टिप्टन. नवरा गेला.
फेब्रुवारीत स्मरणपत्र नको. एप्रिलमध्येही नको.
पैसे ती आणून देते.'

नव्या सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याला जागा साठ अक्षरांची.
रीडिंगचा मुलगा म्हणाला, वही सोडून द्या,
मायग्रेशनमध्ये सगळंच आणायचं नसतं.
माहीत आहे मला.
मीही केलंय ते, तेवीस किलोंत.
शेरे मागेच राहिले.

खाली एक ओळ वाढवली:
ग्लेनिस फेरीडे, बुधवार चोवीस,
चार तास, चौदा पौंडांनी:
एक हजार तीनशे चव्वेचाळीस.

सकाळी ग्रॅहॅमचं बोट तिथेच अडलं. 'हे काय?'
हातचे, म्हणायचं होतं.
त्याच्या भाषेत त्याला शब्द आहे,
पण तो ओझं वाहण्याचा.
मी वही उघडून पुढे सरकवली.
त्यानं बायवॉटरची ओळ वाचली, पुन्हा वाचली,
चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.
'बारा बुधवार,' म्हणाला.
अठरा, मी म्हटलं.
तो छताकडे बघत राहिला,
जिथे पत्र्याला बादलीएवढा डाग आहे
आणि ज्याची या बजेटमध्ये ओळच नाही.

अठरा चोक बाहत्तर, गुणिले चौदा: एक हजार आठ.
झोपेचं त्याचं तो बघेल.
त्यानं अजून सही केलेली नाही,
आणि खिशात, कोटाच्या आत,
माझं बोट मुडपलेलंच आहे.